खिडकीतला डोंगर

आमच्या घरमालक काकांच्या हाती लागलेला कागद पुन्हा कागद म्हणून परत आला, असं कोपरखैरणे गावात अजून कुणी पाहिलेलं नाही. लग्नपत्रिका आली की तिचा खेकडा होतो. सख्ख्या भाचीच्या पत्रिकेचाही झाला, आणि लग्न होऊन गेल्याचं काकांना बहीण रुसल्यावर कळलं. विजेच्या बिलाचा बगळा झाला तेव्हा लाइट कापली गेली. काकू ओरडल्या, तर म्हणाले, "सूर्याची लाइट कोन कापतंय?" काकांचं शेत आणि मिठागर नव्या शहरासाठी सरकारने घेतलं, तेव्हापासून त्यांच्या हातांना हा चाळा लागला, असं काकू सांगतात. मला आधी ती सगळी चुरगळलेली रद्दीच वाटायची. पण काकांच्या वस्तू हातात घेऊन बघायच्या नसतात. त्या पश्चिमेच्या खिडकीत ठेवायच्या, खाडीकडचं उतरतं ऊन आत येऊ द्यायचं आणि समोरची भिंत बघायची. तिथे बगळा मान वळवून उभा असतो.

आमच्या घरात कॉलेजला गेलेला मीच पहिला. वडील तुर्भ्याला कारखान्यात आहेत. माझं ड्रॉइंगचं शीट भिंतीला टेकवून ठेवलेलं असलं की ते त्याला वळसा घालून चालतात. शीट नाही तर टर्म नाही, टर्म नाही तर परीक्षा नाही, एवढं त्यांना पाठ झालंय. आणि सबमिशनच्या आदल्या संध्याकाळी मी दूध घेऊन आलो, तर शीट जागेवर नव्हतं! ते काकांच्या खिडकीत होतं. घड्या घालून, उभं. माझ्या हातातली पिशवी खाली पडली. भाडेकरूने घरमालकावर ओरडावं की नाही, हेही मला सुचेना.

"तुजा होता? मना वाटला रद्दीन टाकलास," काका म्हणाले. "जाड कागद, मस्त उभा रेला. भिंतीव बग तरी."

भिंतीवर पारसिकचा डोंगर होता. खडीसाठी सुरुंग लावून आता त्याला जिथे खिंडार पाडलंय, तो कडासुद्धा शाबूत होता. मी रडायचाच बाकी होतो, तरी बघत राहिलो.

शीट आम्ही तांदळाच्या डब्याखाली दाबलं. घड्या गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सरांनी ते दोन बोटांत धरलं. "यात वडे बांधून आणलेस काय रे?" वर्ग हसला. उद्यापर्यंत नवीन आण, म्हणाले.

घरी येऊन सांगितलं, तर काकांचा चेहरा पडला. खाली काच, काचेखाली बल्ब, वर जुनं शीट आणि त्यावर कोरा कागद ठेवला तर रेषा दिसतात, पण एवढी मोठी काच कुठली, असं मी चाचरत म्हणालो. काका उठले आणि त्यांनी आपल्या खिडकीचीच काच काढली. बल्ब पेटला. माझ्या रेषांमधून डोंगराच्या घड्याही उजळल्या. काका थक्क झाले. "आयला, उजेड खालशी पन येतो?"

टर्म मिळाली. काच बसवून देतो म्हटलं, तर म्हणाले, "रेवदे. पुढचे साली पन शीट हायेत ना?" तेव्हापासून खाडीचा वारा थेट आत येतो आणि बगळे, खेकडे घरभर उडतात. काकू दोघांनाही बोल लावतात. ते घडीचं शीट मी काकांनाच दिलं. जुन्या घड्यांवर त्याचा डोंगर पटकन होतो, फक्त वाऱ्याने पडतो. म्हणून संध्याकाळी मी तो मागून धरून बसतो. काल भिंतीवर माझ्या बोटांची सावली पडली, तसा हात काढायला लागलो.

"रेवदे," काका हळूच म्हणाले. "डोंगराव झाडा पन पायजेत."