तिसरं पातं

पळसदेवहून निघालो तेव्हा उजनीचं पाणी बरंच मागं हटलं होतं. जुन्या देवळाचं शिखर उघडं पडलं होतं आणि गाळात होड्या तिरक्या होऊन पडल्या होत्या. असं दिसलं की मला गाव आजारी वाटतं. पिशवीत एक धोतर, एक सदरा घेतला आणि हमरस्त्यावर येऊन भिगवणची गाडी धरली.

माझी लेक सिंधू बारामतीच्या एमआयडीसीत एका शेडमध्ये सुपरवायझर आहे. आयटीआय शिकलेली. आबा, एकदा माझं काम बघायला या, असं ती कधीपासून म्हणत होती. मी जात नव्हतो. मी चौथीतून शाळा सोडली आणि जन्मभर भांड्यांना कल्हई केली. इंदापूर तालुक्यात माझ्या हातचं पातेलं कुणी परत आणलं नाही. यंत्राच्या पात्यांना रंग मारणं हे काय काम झालं, असं मी पारावर चारचौघांत बोललो होतो आणि ते तिच्या कानावर गेलं होतं. या वेळी फोनवर म्हणाली, "सोमवारी नमुन्याची पाच पाती करायचीत. पार्टीकडं पास झाली तर पुढचं काम आमचं. मालक नको म्हणत होते, मी जबाबदारी घेतलीय." मग निघालो.

भिगवणला खाणावळीत चिलापीचं (उजनीत सापडणाऱ्या माशाचं) कालवण आणि भाकरी खाल्ली. नळाला पाणी नव्हतं. तांब्यात होतं तेवढ्यावर हात विसळला, राहिलेला ओशटपणा धोतराला पुसला.

बारामतीच्या गाडीत शेजारी कोऱ्हाळ्याची एक म्हातारी बसली.

"कुठं निघालाव, तात्या?"

"लेकीचा कारखाना बघाया."

"काय करत्यात तितं?"

"पाती. यंत्राची."

"मंग धार लावत आसत्याल."

"धार न्हाय. थर लावत्यात वरनं."

"कशापायी?"

मला सांगता येईना. "आसंल कायतरी," म्हणालो.

"लेक सांगत न्हाय वाटतं तुमास्नी," म्हातारी म्हणाली आणि बटव्यातली सुपारी कातरायला लागली. मी खिडकीकडं तोंड केलं. उसाचे फड गेले, मग उजाड माळ, मग कंपाउंडच्या भिंती सुरू झाल्या.

सिंधू फाटकावर उभी होती. कामगारांसमोर वाकून पाया पडली. आत एका टेबलावर पांढऱ्या कापडावर पाच पाती मांडली होती, तळहाताएवढी, कण्यात बाक असलेली. मला वाटलं होतं लख्ख असतील. ती तर राखेसारखी मळकी, खरबरीत.

"ही घासायची राहिल्यात व्हय?" मी विचारलं.

"घासूनच अशी केलीत, आबा. हा निकेलचा धातू. वीज करायच्या यंत्रात ह्यांच्यावर आगीसारखा वारा येतो. धातू कितीबी चांगला असला तरी नुसता टिकत न्हाय. म्हणून आधी हवेच्या जोरानं बारीक खडा मारून अंग खरबरीत करायचं, त्यावर एक धातूचा थर आणि वर पांढरा मातीचा. मातीचा थर आच अडवतो, मधला दोघांना धरून ठेवतो."

"आणि गुळगुळीत केलं तर?"

"थर धरत न्हाय. तुमची कल्हईच की ही, आबा."

मला ते आवडलं नाही. कल्हईला भांडं आरशासारखं निघतं. तसं बोललोही. ती हसली. "एक ध्यानात ठेवा. आता ह्यास्नी कुणी उघडा हात लावायचा न्हाय. हाताचं तेल लागलं की तेवढ्या जागेला थर सुटतो."

"माझा हात कोरडा आसतो," मी म्हणालो.

तेवढ्यात मालकांनी हाक मारली म्हणून ती गेली. मी एकटा उभा. कल्हईच्या आधी भांड्याच्या पोटातून अंगठा फिरवला की कुठं चिकटा राहिलाय ते मला कळायचं. डोळ्यांपेक्षा मी अंगठ्यावर भरवसा ठेवला. हातमोज्यातून काय कळणार ह्या पोरांना, असं मनात आलं. तिसऱ्या पात्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला. खडा बारीक आणि सगळीकडं सारखा बसला होता. काम चोख होतं. अंगठा उचलला तर तिथं फिकट डाग.

सिंधू आली, हातमोजे चढवले आणि पाती एकेक करून थर द्यायच्या बंद खोलीत नेली. मी तोंड उघडलं नाही. पाहुणा म्हणून आलेला बाप, आणि समोर तिची माणसं. काळ्या काचेतून बघितलं. यंत्राचा हात ज्वाळा घेऊन पात्यावर फिरत होता आणि कानठळ्या बसत होत्या. तासाभरानं पाचही पाती दुधासारखी पांढरी होऊन आली. तिसरं कुठलं ते मलाही ओळखू येईना. बरं झालं, असं वाटलं. ते वाटलेलं आज आठवलं तरी जीव खातं.

मुक्काम तिच्या जळोचीच्या खोलीवर. पिठलं-भाकरी केली होती. "कसं वाटलं काम?" तिनं विचारलं.

"बरं हाय."

"नुसतं बरं?"

"चोख हाय," मी म्हणालो. तिचा चेहरा उजळला आणि तिनं माझ्या ताटात आणखी पिठलं वाढलं. सकाळी तिनं मला गाडीत बसवून दिलं, खिडकीशी उभी राहून पाण्याची बाटली दिली. गाडी हलेपर्यंत मी नुसता मान हलवत होतो.

घरी पोचून आठ दिवस झाले असतील. सिंधूचा फोन आला. पार्टीनं पाती भट्टीत तापवून गार करून बघितली. चार टिकली. तिसऱ्या नंबरच्या पात्याचा पाठीवरचा थर निघाला, अंगठ्याएवढा.

"कायतरी माझ्याच हातनं राहिलं, आबा. मालकांना तसं सांगितलं मी. काम दुसरीकडं गेलं."

"तुझ्या हातनं काय राह्यलं न्हाय," मी म्हणालो. "त्याला अंगठा मी लावला हुता."



"तवाच सांगायचं, आबा. परत खडा मारायला पंधरा मिनिटं लागली असती."

मी येतो, मालकांना सांगतो, म्हणालो. ती म्हणाली, "येऊ नका. माझ्या टेबलावर घडलं, ते माझंच. मी बोलून बसलेय." हट्टात माझ्यावर गेली आहे. फोन तिनं ठेवला.

मी माझ्या मनाशी हिशेब लावत बसतो. कल्हईत भांडं तापलं की नवसागर (त्यावर टाकायची पांढरी पूड) उरलासुरला चिकटा, अंगठ्याचं तेलसुद्धा, खाऊन टाकतो. त्याच्या जिवावर माझा अंगठा जन्मभर शहाणा ठरला, आणि मला वाटलं शहाणपण अंगठ्याचं आहे. लेकीच्या कामात तसं माफ करणारं काही नव्हतं. माफ करायला तिथं ती एकटी होती आणि तिला मी सांगितलंच नाही.

पारावर आता कुणी विचारलं तर सांगतो, पोरगी पाती रंगवत नाही, चोख काम करते, आणि ते मी बिघडवलं. ती अजून फोन करत नाही. मी केला तर उचलते, जेवलात का विचारते, आणि ठेवते.