तन्वीचा न दुखणारा डोळा

डॉ. शरयूताईंची आणि माझी ओळख त्यांच्या पनवेलच्या दवाखान्यात झाली. नेत्रविकारांचे शिक्षण संपवून मी त्यांच्या हाताखाली रुजू झालो, त्या पहिल्याच सकाळी बसलेला धक्का अजून ओसरलेला नाही.

जासईची सहा वर्षांची तन्वी आईबरोबर आली होती. तिचा गुडघा सुजायचा. सांध्यांच्या अशा आजारात मुलांच्या डोळ्यांतही दाह असू शकतो, म्हणून बालरोगतज्ज्ञांनी तिला पाठवले होते. डोळे स्वच्छ होते. "दुखत नाय, लाल नाय," आई म्हणाली. ताईंनी तन्वीचा उजवा डोळा तळहाताने झाकला आणि समोरचे चित्र ओळखायला सांगितले.

"काय नाय दिसत. तुमचा हात हाय ना," तन्वी सहज म्हणाली.

डावा डोळा तर उघडा होता. मी सुन्न झालो.

औषधाने डोळ्याची बाहुली मोठी करून ताईंनी आत पाहिले. दाह जुना होता. डाव्या डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचे टोक सुजले होते, आणि उजव्यातही सूज सुरू झाली होती. आतून एवढे पेटलेले आणि बाहेर डोळ्यात पाणीसुद्धा नाही! नसेची अशी सूज मेंदूतील दाब वाढल्यानेही येते; तो वाढलेला नाही, याची ताईंनी त्याच दिवशी तपासणी करून खात्री केली.

"मी आई असून मला कलला नाय," आई रडू लागली.

"तिला स्वतःलाच कळलं नव्हतं," ताई म्हणाल्या.

संध्याकाळी वडील आले. दाह आटोक्यात ठेवायला दर आठवड्याला मांडीत इंजेक्शन द्यावे लागेल, असे ताईंनी त्यांना सांगितले. "एवढ्याशा पोरीला दर आठवड्याला सुई? थेंबांनी नाय भागनार?"

"थेंब त्या नसेपर्यंत पोचत नाहीत. डावी नजर किती परत येईल, सांगता येत नाही. उजवी अजून वाचवता येईल."

सांधेदुखीच्या तज्ज्ञांच्या सल्ल्याने उपचार सुरू झाले. सूज उतरली. तन्वी बरी झाली असे समजून वडिलांनी इंजेक्शन थांबवले आणि सूज परतली. ते ऐकून मी हादरलो, चिडलोही. ताई मात्र रविवारी स्वतः जासईला गेल्या. एका शब्दानेही न दुखावता त्यांनी वडिलांना सुई द्यायला शिकवले, पहिली स्वतःसमोर देववली.

आज तन्वी आठवीत आहे. उजवी नजर शाबूत आहे, डाव्या डोळ्याने मोठी अक्षरे वाचते. तपासण्या मात्र चालूच आहेत.

ताईंच्या साठीनिमित्त हा गौरवग्रंथ निघतो आहे, हे तिच्या वडिलांना सांगितले. ते म्हणाले, "ताईंना लय आयुष्य मिलू दे. आमची पोर अजून लहान हाय."

ताईंना निरोगी दीर्घायुष्य लाभो, एवढेच मलाही मागायचे आहे.