जेवणाच्या सुट्टीतले मेल

संगणक सुरू करून मेलचा प्रोग्रॅम उघडला की आधी ती चौकट येते. वर माझ्या पतींचा ईमेलचा पत्ता, खाली पासवर्डासाठी रिकामी जागा. रद्द केली की जाते आणि यादीतली एखादी ओळ उघडायला गेलं की पुन्हा समोर येते. ते जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांनी मला लिहिलेले सगळे मेल त्या चौकटीच्या पलीकडे आहेत. दुसरीकडे कुठेही नाहीत.

ते उरवड्याच्या एका कारखान्यात स्टोअरला होते. तिथे फोन गेटवर जमा करावा लागे आणि संध्याकाळी सुटताना परत मिळे. त्यामुळे लग्नानंतर इतर नवरे करतात तसा दुपारचा फोन आम्हाला कधी जमलाच नाही. पुढे त्यांच्या टेबलावर संगणक आला आणि जेवणाच्या सुट्टीत डबा खाऊन झाला की ते मला दोन-चार ओळींचा मेल लिहू लागले. मी शाळेच्या ग्रंथालयात होते. मुलं वर्गावर गेली की तो वाचायचा, वाटलं तर उत्तर द्यायचं आणि पुसून टाकायचा. पुसण्यामागे राग नव्हता, संकोचही नव्हता. वाचून झालेलं पुस्तक टेबलावर पडून राहिलेलं मला चालत नसे, तसंच ते. उद्या दुसरा येणारच होता.

माझ्याकडे म्हणून काही उरलं नाही. त्यांच्या ‘पाठवलेले’ या कप्प्यात मात्र सगळे राहिले. सूसच्या आमच्या फ्लॅटमधल्या जुन्या संगणकावर त्यांनीच हा प्रोग्रॅम बसवला होता; एका बाजूला त्यांचं खातं, दुसऱ्या बाजूला माझं. डिस्क लहान म्हणून त्यांनी मेल पूर्ण उतरवून न घेता नुसती यादी उतरवून घ्यायची, असं त्यात ठरवून ठेवलं होतं. तारीख, वेळ आणि विषय एवढंच या संगणकात आहे. आतला मजकूर दर वेळी बाहेरून, मेलच्या कंपनीकडून मागवावा लागतो, आणि त्यासाठी पासवर्ड लागतो. हे मला तेव्हा माहीत असायचं कारण नव्हतं. विषयावर टिचकी मारली, पांढरा कागद दिसला आणि त्यावर ती चौकट आली, तेव्हा कळलं.

आधी मी अंदाज करत बसले. माझं नाव. माझं माहेरचं नाव. लग्नाचं साल. त्यांच्या आईचं नाव. प्रत्येक नकारानंतर मी खुर्चीत जरा खाली सरकत असे. माझी जाऊ भाजी घेऊन आली होती, ती मागे उभी राहून बघत होती.

“ताई, तुमचं नाव घालून बघितलं का?”

“तेच पहिलं घातलं.”

“मग न्हाई का झालं?”

“नाही.”

“बाप्ये असेच,” ती म्हणाली आणि मेथी निवडायला बसली.

मग कुठेतरी वाचलं की प्रोग्रॅम जुना पासवर्ड स्वतःजवळ जपून ठेवतो आणि सेटिंगमध्ये खोल गेलं तर तो बघता येतो. गेले. एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, आणि ‘पासवर्ड दाखवा’ असं बटण खरंच सापडलं. तो त्यांच्या पहिल्या मोटरसायकलचा नंबर होता. जाऊ खो खो हसली. मीही हसले. ते गेल्यानंतर बहुधा पहिल्यांदाच मोठ्यानं हसले असेन, आणि वाटलं की झालं, आता ते मेल उघडणार.

उघडले नाहीत. पासवर्ड बरोबर होता. पण मेलच्या कंपनीनं मधल्या काळात नियम बदलले होते आणि असल्या जुन्या प्रोग्रॅमला आता नुसत्या पासवर्डावर दार उघडत नव्हतं. नव्या पद्धतीनं पुन्हा ओळख पटवा, असं लिहून आलं. तेही केलं. खातं पुन्हा जोडण्याच्या त्या पायऱ्या मी ग्रंथालयातल्या नव्या पुस्तकांच्या नोंदी कराव्यात तशा एकेक करून चढले. शेवटच्या पायरीवर लिहिलं होतं, तुमच्या नोंदलेल्या मोबाइलवर कोड पाठवला आहे. खाली नंबराचे शेवटचे आकडे होते. तो त्यांचा नंबर. मला तो स्वतःच्या नंबराआधी आठवतो.

मी उरवड्याला दिराकडे गेले. तेराव्यानंतर त्यांच्या वापरातल्या वस्तू दिरानंच वाटल्या होत्या. आमच्याकडे तशी रीत आहे. गेलेल्या माणसाच्या वस्तू घरात अडकवून ठेवायच्या नाहीत, ज्याच्या त्याच्या हाती लावायच्या, म्हणजे त्याचा जीव त्यांत घोटाळत नाही. कपडे गेले, घड्याळ गेलं, फोन दिराच्या कपाटात होता. मागच्या बाजूला कामगारांना भाड्यानं दिलेल्या खोल्यांचं नळकाम चाललं होतं, तिथून तो हात पुसत आला.

“भावजी, त्यांचं सिम कुठं आहे?”

“सिम? ते तवाच बंद केलं की, वहिनी.”

“बंद म्हणजे?”

“म्हंजे बंद. दुकानात जाऊन. मृत्यूचा दाखला मागितला त्यांनी, दिला. सारखा वाजायचा वो. कुणी म्हनायचं दादांना द्या, कुणी म्हनायचं मालाची गाडी कुटं हाय. किती जनांना सांगायचं दादा गेला म्हनून? आन मेलेल्या मानसाचा फोन वाजत ऱ्हाणं बरं न्हाई.”

त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं.

“काय झालं? काय चुकलं का माजं?”

काय चुकलं होतं? गेलेल्याला सगळीकडून सोडवायचं असतं, ते त्यानं केलं होतं. फोन उचलून दिवसभर ‘दादा गेला’ म्हणायचं काम आम्ही बाकीच्यांनी त्याच्यावरच टाकलं होतं. मी त्याला कोडाचं समजावून सांगितलं. त्याला ते नीट कळलं आणि तो ओट्यावर बसला.

तिथेच, काहीतरी करायचं म्हणून, मी तो नंबर लावला. बंद असल्याचं सांगणारी बाई बोलेल असं वाटलं होतं. फोन वाजला. मी आणि दीर दोघंही उभे राहिलो. वाजत राहिला, आणि कुणीतरी उचलला.

“हॅलो, कौन?”

तरुण आवाज होता, मागे यंत्राचा खडखडाट. बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याला देतात, हे मला सिमच्या दुकानदारानं नंतर सांगितलं. त्या क्षणी मी शाळेतलं हिंदी गोळा केलं.

“भाईसाहब, आज शाम को आपके फोन पर एक कोड आएगा.”

“कौन सा कोड?”

“छह अंकों का. वह मुझे बताइए, कृपा करके.”

तो हसला. “मॅडम, सुबह से कोई मिला नहीं क्या?”

“नहीं, यह नंबर पहले मेरे पति का था. उनका देहांत हुआ है.”

“सब के पति का ही होता है. ओटीपी किसी को नहीं देना, रोज़ सुनाते हैं. आप भी सुनिए.”

फोन ठेवला त्यानं. मला राग आला नाही. ‘आपला ओटीपी कोणालाही सांगू नका’ असा कागद ग्रंथालयाच्या फळ्यावर टाचण्या टोचून मी स्वतःच लावला होता.

पण दिराला ते सोसलं नाही. “थांबा, मी बोलतू,” म्हणाला आणि स्वतःच्या फोनवरून लावला. त्याचं हिंदी त्याच्या भाडेकरूंवर तयार झालेलं आहे.

“ए भाऊ, सुन. मेरा दादा गया. मर गया. उसकाच नंबर हाय वो. तू कुटं रहता है? मै उधर आता है, दाखला दिखाता है. व्हय? क्या? चोर किसको बोलता है रं?”

पलीकडून मला ऐकू येण्याइतक्या मोठ्यानं आलं, “अब भाई भी आ गया! कल बाप को भी लाना!” आणि कट. पुन्हा लावला तर लागेना. माझाही लागेना. दोन्ही नंबर त्यानं अडवून टाकले होते.

दीर फोनकडे बघत राहिला. “वहिनी, त्यानं मला चोर म्हटलं,” एवढंच म्हणाला, आणि थोड्या वेळानं, “दादाचाच नंबर, आन मलाच.” त्याचे डोळे भरले होते. जाऊ आतून चहा घेऊन आली आणि कप ठेवून परत गेली.

मी मेलच्या कंपनीला लिहिलं. दाखला जोडला, लग्नाचा पुरावा जोडला. उत्तर आलं, अतिशय नम्र. तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. नियमानुसार खात्यातला मजकूर देता येणार नाही. आपली इच्छा असल्यास खातं कायमचं बंद करण्यात आम्ही मदत करू. शिवाय हेही की, बराच काळ वापर नसलेली खाती आपोआप पुसली जातात.

म्हणजे ते मेल कदाचित अजून आहेत, कदाचित नाहीत. पासवर्ड माझ्याजवळ आहे, वारसाचा दाखला माझ्याजवळ आहे, ते लिहिलेही मलाच गेले होते. यांपैकी कशाचाही उपयोग नाही.

आता मी इंटरनेटची वायर काढून ठेवली आहे. तिकडे खातं पुसलं गेलं आणि इकडे प्रोग्रॅमला संपर्क मिळाला, तर यादीही पुसली जाईल, अशी भीती वाटते. ती खरी की खोटी, कुणाला विचारत नाही. चौकट तरीही येते; ती रद्द करते. मग यादी वाचते. ते विषय एकदोन शब्दांचेच लिहीत. ‘डबा’. ‘उशीर होईल’. ‘पिरंगुटला वाहतूक’. ‘शेपू नको’. यातल्या काहींचा मजकूर मी स्वतः रचू शकते, आणि रचून झाला की लक्षात येतं की तो माझ्या भाषेत आहे, त्यांच्या नाही. त्यांची वाक्यं कशी संपत, हेच मला सांगता येत नाही. इतकी वर्षं रोज वाचूनही.

एका ओळीत ‘आज गंमत’ असा विषय आहे. बुधवारचा, पावणेदोनचा. हा मी वाचला आहे, नक्की, आणि हसलेही असेन. काय होतं त्यात, काही केल्या आठवेना. शेवटी त्यांच्याबरोबर स्टोअरला असलेल्या एका गृहस्थांना फोन केला. तारीख सांगितली. त्या दिवशी तुमच्याकडे काही गमतीचं घडलं होतं का, विचारलं.

मला बरं वाटावं म्हणून ते खरोखर आठवत होते, हे मला त्यांच्या श्वासावरून कळत होतं.

“न्हाई वो, मॅडम,” ते म्हणाले. “आमच्यात रोजच काय ना काय व्हायचं. त्यांनी सांगितलं आसंल की तुमाला.”

“हो,” मी म्हणाले. “सांगितलं होतं.”