गोवर्धनसरांचा वरचा रकाना

नीलम वानखडेचा राग नाकाच्या शेंड्यावर, असं अमरावतीच्या ऑफिसात सगळेच म्हणत. नसेल तर काय! तिच्या बापाने, बुधाजीने, शेंदूरजनाघाटच्या संत्र्याच्या बागेत तिच्याच भरवशावर तिच्या कंपनीची डबी बसवली होती. झाडांना वेळेवर पाणी सोडणारी डबी. सॉफ्टवेअर बदलल्यापासून तिची मेमरी भरायची आणि ती मध्येच बंद पडायची.

"आंबिया बहार गळून राह्यला पोरी," बुधाजी फोनवर म्हणाला. "तुही डबी काहून झोपते?"

नीलमने डबीचं कर्नल, म्हणजे तिला चालवणारा मूळ प्रोग्राम, उघडलं आणि कपाळाला हात लावला. प्रत्येक व्हॉल्व्हची एक नोंद, आणि नोंदीतले रकाने लावलेले नोकरीच्या ज्येष्ठतेने. सगळ्यांत वर ऑफिसातल्या सगळ्यांत जुन्या गोवर्धनसरांचा, मग जो जसा लागला तसा त्याचा. लग्नपत्रिकेत काका-मामांची नावं लावतात तसं. आठ बाइटचा रकाना मेमरीत आठाच्या पटीतल्या पत्त्यावरच बसतो; त्याच्याआधी एका बाइटचा घुसला, की मधले सात फुकट. नोंदीत अशी भोकंच भोकं, पण कोणी कोणाचा रकाना हलवायचा नाही म्हणे. डोंबलाचा मान!

"माहा रकाना वरच राहू दे," ती रकाने हलवणार म्हटल्यावर सर तेवढं बोलले. "मोठ्यायचा मान असते."

तिने मोठे वर, बारके खाली लावले. अठ्ठेचाळीस बाइटची नोंद बत्तिसावर आली. मोठ्यांतही सरांचा रकाना तिने मुद्दाम खाली ढकलला. टेबलावरची चाचणीची डबी सुरू होताच बंद पडली.

दिवसभर खोदल्यावर सापडलं. सरांचा जुना कोड नोंदीचा पत्ता हाच आपल्या रकान्याचा पत्ता समजत होता. तो रकाना पहिला असणं भागच होतं, मानाचा काही संबंध नव्हता. आपल्या रागाने आपलाच दिवस घालवला, हे तिला झोंबलं. त्याहून जास्त झोंबलं ते दुसरंच.

"सर, तुमाले हे माहीत होतं?"

"मीच लिहिलं ना."

"मंग सांगतलं काहून नाही? तिकडं माह्या बापाची फळं गळून राह्यली."

सरांनी चष्मा पुसला. "सांगतलं असतं, तं मले कोनं विचारलं असतं?"

नीलमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने त्यांचा रकाना परत वर ठेवला, बाकीचे आकाराने खाली लावले. नोंद बत्तिसातच मावली. मग कोडात त्या रकान्याच्या वर कारण लिहिलं, आणि एक तपासणी घातली: ही जागा कोणी हलवली, तर प्रोग्राम तयारच होणार नाही. नवा प्रोग्राम बागेतल्या डबीत पाठवला, आणि संध्याकाळी बागेत पाणी सुटलं.

घरी निघताना ती सरांच्या टेबलाशी थांबली. "कारण लिहून ठेवलं, सर. आता तुमाले कोनी नाही विचारणार."