पेट्रोल वाढलं वाटतं?

आज पंपावर स्कूटरमध्ये पेट्रोल भरताना वास नाकात शिरला आणि मी मनानं थेट पावस गावच्या सड्यावर, कातळाच्या उघड्या पठारावर, जाऊन उभी राहिले. दादाचं जायरोकॉप्टर, म्हणजे डोक्यावर पंखा असलेलं दोन माणसांचं विमान, धावपट्टीच्या कडेला होतं. कातळ तापायला लागला होता, खालून खारा वारा येत होता. दादाचा पेट्रोलच्या काट्यावर विश्वास नव्हता. तो टाकीत लाकडी पट्टी बुडवून ती किती भिजली ते उजेडात धरून बघायचा. त्या दिवशी पट्टी जवळजवळ कोरडीच निघाली. आई घावनांचा डबा घेऊन आली होती. "पेट्रोल वाढलं वाटतं?" तिनं विचारलं. आमच्या घरात तांदूळ, तेल, कुंकू कधी संपत नाही, ते वाढतं. दादा हसला. "आई, इथे संपलं तर संपलंच म्हणायचं. वाढलं ऐकून कुणी उडालं तर समुद्रात जाईल." तिनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. "मेल्या, अभद्र बोलू नकोस." त्यानं आधी टाकी काठोकाठ भरली आणि मगच डबा उघडला. पुढच्या वर्षी एकटाच परतत असताना समोरून वारा सुटला, वाट लांबली, टाकी किनारा गाठायच्या आधीच समुद्रावर कोरडी पडली आणि दादा घरी आला नाही. भेटायला येणाऱ्यांना आई सांगू लागायची, "पेट्रोल…" आणि पुढचा शब्द तिला सापडायचा नाही. आज मी घरी पोचले तेव्हा ती रिकामा डबा घेऊन ओट्याशी उभी होती. "येताना तांदूळ आणायला हवे होतेस गं," ती म्हणाली. "संपले."