ड्रायरच्या पाइपातलं घरटं

मांजरी गावातला तो फ्लॅट आम्ही भाड्याने घेतला, तो माझ्या हट्टाने. आत वॉशिंग मशीन होतं आणि शेजारी वेगळा ड्रायर. घरमालक पेठेतले निवृत्त शिक्षक. चावी देताना म्हणाले, "मशीनं वापरायला आहेत, बिघडवायला नाहीत. फरक कळत असेल तर सही करा." मला तो खवचटपणा आवडला.

मला सातवा महिना लागला होता. पहिल्या खेपेला पाचव्यातच सगळं संपलं होतं. त्यामुळे ओझं उचलायचं नाही, दोरीवर कपडे घालायला हात वर करायचे नाहीत, अशी बंधनं. ड्रायर म्हणजे मला देवच पावला.

आठवड्याभरात त्याच्या मागे खुडबुड सुरू झाली. गरम हवा बाहेर सोडणाऱ्या पाइपाचं तोंड बाल्कनीत होतं. तिथे कबुतराने काड्या कोंबून अंडी घातली होती. नवरा झाडू घेऊन निघाला, तर माझ्या बाळंतपणासाठी यवतमाळहून आलेल्या सासूबाई आडव्या आल्या.

"पाडू नको रे. अंडे हायेत त्यात. घरात पोटुशी बाई असताना कोणाचं घरटं मोडते का कोणी?"

"अहो आई, नुसती घाण करतात ती," मी म्हटलं.

"करू दे. पिल्लं उडाले की काढू."

नवऱ्याने झाडू ठेवला. ड्रायर बंद. त्या पावसाळी हवेत खुर्च्यांवर, दारांवर ओले कपडे लटकले आणि घरभर कुबट वास सुटला. माझा नुसता संताप व्हायचा. तरी रोज सकाळी मी बाल्कनीत जाऊन अंडी जागेवर आहेत ना ते बघायचे. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटते याचाच राग येत होता.

एका दुपारी सासूबाई देवळात गेल्या. बाळासाठी धुतलेली दुपटी तीन दिवस ओलीच होती. दहा मिनिटं लावू, काय होतंय, म्हणत मी ड्रायरचं बटण दाबलं. मागे पंखांची फडफड सुरू झाली. कबुतर अंडी सोडून जाईना. बऱ्याच वेळाने फडफड थांबली आणि पिसं करपल्याचा वास आला. मग मी ड्रायर बंद केला.

सासूबाई प्रसाद घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. मशीनकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. माझ्या पोटाकडे बघून म्हणाल्या, "हालते ना?"

हलत नव्हतं. मी गार पाणी प्यायले, डाव्या कुशीवर पडून राहिले. त्या उशाशी बसून होत्या. दवाखान्यात जायला रिक्षा बोलावली, तेव्हा कुठे आत एक लाथ बसली. आम्ही दोघी रडलो.

मुलगी आता तीन वर्षांची आहे, ठणठणीत आहे. पण तिला साधा ताप आला, तरी सासूबाई गावाहून फोन करतात. "तुला कुठं माहीत होतं वं बाई, पाखरू आत हाय म्हणून," असं मलाच समजावतात.

मी हो म्हणते. फडफड मी पहिल्यापासून ऐकत होते, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.