चार जाळ्यांचा उजेड

पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत उजेडावर ज्याची हुकमत चालते असा एकच मनुष्य आहे आणि तो आमच्या समोरच्या दाराआड राहतो, हे मी माझ्या विज्ञानाच्या पदवीला स्मरून लिहीत आहे. हे समोरचे काका मूळचे चाकणजवळच्या खेड्यातले. तिकडच्याच एका कारखान्याच्या देखभाल विभागात त्यांची उभी हयात गेली. निवृत्तीनंतर लोक देवदर्शनाला निघतात. काकांनी हॉलमध्ये चार फुटांची काचेची टाकी मांडली, तिच्यात पाणवनस्पती लावल्या आणि कारखान्याची सारी शिस्त त्या निष्पाप रोपांना लागू केली. रोपांना शिफ्ट होती. मधल्या सुट्टीत दिवा बंद होई. दिवाळीला आलेल्या पाहुण्यांनी दिवा आणखी थोडा वेळ राहू द्या म्हटले, तेव्हा काका अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "न्हाई राव. ओव्हरटाइम दिला की शेवाळ धरतं."

उजेडाचे त्यांचे माप म्हणजे 'जाळी'. डास अडवायला खिडकीला लावतात ती जाळी त्यांनी चार चौकटींवर ताणून दिव्याखालच्या खाचांत बसवली होती. जितक्या चौकटी आत सरकवाव्यात तितका उजेड मंद. पाण्यात तळहात धरायचा, वाळूवर पडलेल्या सावलीची कड न्याहाळायची आणि निकाल द्यायचा: "आज अडीच जाळी." मी रंगाच्या एका कंपनीत, प्रयोगशाळेत काम करते, कुणाच्या तळहातावर विश्वास ठेवण्याचा माझा पिंड नव्हे. मी प्रकाशमापक नेला आणि आठवडाभर नोंदी घेतल्या. सहा दिवस काकांचा हात आणि माझे यंत्र यांत एकदाही मतभेद झाला नाही. सातव्या दिवशी आकडा जुळेना. काका म्हणाले, "मशीनचा सेल बघ, पोरी." सेल खरोखरच उतरला होता.

टाकीसमोरच काकूंची खाट होती. मांडीचे हाड मोडल्यापासून त्या अंथरुणाला खिळलेल्या, आणि डोळ्यांच्या जुन्या दुखण्यामुळे प्रखर उजेड त्यांना सुईसारखा टोचे. म्हणून टाकीत सदैव मंद उजेड आणि त्यात तगणारी हिरवी रोपे. एके दिवशी त्या म्हणाल्या, "सगळं हिरवंच काय लावलंय? अजून शेतात हाय का मी? एखादं लाल असू द्या की." आजारपणात काकूंनी तोंडाने मागितलेली ही पहिलीच गोष्ट, असे काकांनी मला दारातच सांगितले. 

अडचण उघड होती. लाल पानांच्या रोपांना प्रखर उजेड लागतो. मंद उजेडात त्यांची लाली ओसरते आणि ती मुकाट्याने हिरवी होतात. मी रीतसर तक्ता मांडला आणि निष्कर्ष सांगितला: एक तर लाल रोप, नाही तर काकूंचे डोळे; तिसरा पर्याय वनस्पतिशास्त्रात नाही. काकांनी तक्ता दोनदा वाचला.

"गणित बरोबर हाय तुझं," ते म्हणाले, "पण ह्यात तुझ्या काकूची झोप कुठं धरलीस?"

दुसऱ्या दिवशी टाकीत लाल जातीचे एक रोप आले आणि रोपांची शिफ्ट बदलली. दुपारी जेवण झाले की काकू भिंतीकडे तोंड करून झोपत. काका खाटेला खुर्ची लावून बसत, काकूंचा श्वास संथ झाला की उठत आणि चारही चौकटी एकेक करून बाहेर काढत. आवाज होऊ नये म्हणून खाचांना मेण चोळलेले. हॉल लख्ख उजळे. श्वासाची लय किंचित बदलली की चौकटी पुन्हा आत जात, आणि काकू डोळे उघडत तेव्हा टाकीत सांजावलेले असे. एका रविवारी मी हा सोहळा दारातून पाहिला. आमच्या प्रयोगशाळेत इतक्या अचूक वेळेवर चालणारे एकही यंत्र नाही.

दीड महिन्याने शेंड्याची पाने तांबूस झाली.

"व्हय की, लाल हाय!" काकू म्हणाल्या, आणि लगेच नवऱ्याकडे रोखून, "मग इतके दिवस का न्हाई लावलं?"

"तू नीट झोपत नव्हतीस."

पावसाळा सरेपर्यंत ती पाने गर्द डाळिंबी झाली. एका शनिवारी मी अभिनंदन करायला गेले, तर काका काही खूश दिसेनात. पानांच्या कडांवर शेवाळाची बारीक लव धरली होती.

"काका, उजेड जास्त होतोय. दिवा अधिक वेळ ठेवता का?"

"मी कुठं ठेवतो," ते म्हणाले आणि त्यांनी खाटेकडे पाहिले.

पाच वाजून गेले होते. पूर्वी तासाभरात जाग्या होणाऱ्या काकू जेवणानंतर झोपल्या होत्या त्या अजून उठल्या नव्हत्या. श्वास संथ होता. काका उठले आणि त्यांनी एक चौकट आत सरकवली. जरा थांबून दुसरी. मग उरलेल्या दोन्ही.

मी हळूच विचारले, "चहा टाकू का?"

"थांब थोडं," काका म्हणाले. "ती उठली की टाकू."

मग आम्ही दोघे त्या मंद उजेडात बसून राहिलो.